क्लॉक वाढवला त्या दुपारी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आणि खरं सांगते, हसत आले. देव, भूत, नजर… कशावरच माझा विश्वास नव्हता. माझा विश्वास फिनाईलवर. घरात वास आला म्हणजे कुठेतरी काहीतरी मेलंय नाहीतर नासलंय; ते शोधायचं, फेकायचं, फरशी पुसायची — विषय संपला. म्हणून हे लिहितानाही मला भीतीपेक्षा किळसच जास्त येते आहे. जेवायला बसला असाल तर नंतर वाचा.

आम्ही दारव्ह्याला राहतो. मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. घराची पुढची खोली हीच बैठक आणि हाच माझा स्टुडिओ. टेबल दाराला लागून. नवरा बियाणं-फवारणीच्या कंपनीसाठी गावोगाव फिरतो, त्यामुळे दिवसा घरी मी आणि सासूबाई.

दाराच्या वर खिळ्याला लाल कापडात बांधलेला एक नारळ आहे. तो नवसाचा. माझा दीर गजू बोअरवेलच्या गाडीवर कामाला लागला आणि गाडीबरोबर आंध्राकडे गेला तो गेलाच. फोन बंद. पोलिसांत सांगून झालं, गाडीवाल्याला शोधून झालं. शेवटी सासूबाईंनी नारळ बांधला — गजू उंबऱ्यात आला की वाढवायचा. आपल्याकडे नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मीच ते त्या दिवशी विसरले होते.

रोज सकाळी आंघोळ झाली की सासूबाई स्टुलावर चढून तो नारळ काढत, कानाशी हलवत आणि म्हणत, “पाणी हाय.” म्हणजे गजू आहे, सुखरूप आहे. मग कुंकू लावून परत टांगत. त्या कापडावर तेला-कुंकवाचा असा थर बसला होता की हात लावला तर बोटं चिकटायची. कापडाला मुंग्या लागायच्या. मला शिसारी यायची, पण मी बोलत नसे, कारण त्या एका आवाजावर त्या माउलीचा दिवस चालायचा. नारळ इतका काळ टिकत नाही, पाणी आटतंच, हे मलाही ठाऊक होतं. हा आटला नव्हता. एखादा निघतो तसा, असं म्हणून मी सोडून देत असे.

तर कॉम्प्युटर. हल्ली सगळं शूटिंग फोर-के. एक लग्न रेंडरला, म्हणजे अख्खा व्हिडिओ पक्का करून काढायला, टाकलं की दिवस गेला. पुसदचा माझा मावसभाऊ मंगेश पीसी जोडून देतो, त्यानेच हा जोडला होता. त्याला फोन करून विचारलं, ओव्हरक्लॉक करू का? म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं.

“कायले उंगली करून राह्यली, ताई? चालून राह्यला ना बरोबर?” तो म्हणाला. “आन् करशीनच, तं पह्यले कूलर साफ कर.”

फोन स्पीकरवर होता. आमच्याकडे कूलर म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचा. सासूबाईंनी ऐकलं आणि खिडकीतल्या कूलरच्या ताट्या मोरीत धुवायला नेल्या. मंगेश सांगत होता प्रोसेसरच्या डोक्यावरच्या कूलरबद्दल.

कॅबिनेट उघडलं. पंख्याला धुळीची लोकर, कोपऱ्यात झुरळांची अंडी आणि कूलरच्या पट्ट्यांत वाळून चिकटलेली पाल, शेपटीसकट. तोंडाला ओढणी बांधून, चिमट्याने, शिव्या घालत सगळं उपसलं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता ओढून घ्यायला पेस्ट लावतात; ती जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली आणि नवी लावली. नवी पेस्ट करड्या रंगाची होती, वास नसलेली. ती मी माझ्या हाताने लावली, म्हणून रंगाबद्दल मला कुणी शिकवू नये.

मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन वेग एक पायरी चढवला. विंडोज सुखरूप उघडलं. पहिल्यांदाच करत होते, दहावी पास झाल्यासारखं वाटलं.

मोरीतून सासूबाईंनी विचारलं, “झालं का व तुयं?”

“वाढवला, आई,” मी ओरडून सांगितलं.

ताट्या घासायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

वास तेव्हाच आला. आधी खवट, तेलाच्या जुन्या बाटलीसारखा. पालीचं काही राहिलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं आणि आणखी एक पायरी चढवली. आता वास घशात उतरायला लागला. परत मंगेशला फोन.

“जळका वास हाय का?”

“जळका नाही रे. सडका.”

“सडका वास पीसीले येतच नाही, ताई. टेम्परेचर किती दाखवते?”

टेम्परेचर आधीपेक्षाही कमी होतं. रेंडर तर असा धावत होता की बघत राहावं. आणि कॅबिनेटच्या खालून टेबलावर पांढुरकं पाणी पाझरत होतं.

मी प्लग उपटला. स्क्रू काढून कूलर उचलला तर तो पाकासारख्या चिकट तारा ओढत वर आला. खाली करडं काही नव्हतं. पिवळट पांढरा लगदा होता, खोबरं नासल्यावर होतं तसा बुळबुळीत, आत बारीक तंतू. बोटाला लागला. इतकं चालल्यावर तो गरम असायला हवा होता… तो गार होता. मी तिथेच ओकले.

सासूबाई ओल्या हातांनी आल्या. दारातच थांबल्या, नाक वर केलं. “हा तं नारय नासल्याचा वास हाय.”

आणि त्यांनी वर पाहिलं.

नारळ त्यांनीच काढला. कापड कोरडं. करवंटीला चीर नाही, डोळे बंद. कानाशी हलवला. दुसऱ्या कानाशी हलवला. मग स्टुलावर बसूनच राहिल्या. त्या चेहऱ्यापुढे मला माझ्या ओकारीचा वाससुद्धा जाणवेना.

“तू मंघानी काय वाढवला म्हणे व?”

मी सांगितलं. क्लॉक म्हणजे वेग, आई. कॉम्प्युटरचा. नारळाला मी हातही लावला नाही.

“मी तुले काही बोलून नाही राह्यली, माय,” त्या म्हणाल्या. “पण कमी करता येते का तो?”

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, पण नाही कसं म्हणणार? सगळं खरवडलं, स्पिरिटने धुतलं, त्याच ट्यूबमधली पेस्ट लावली. करडी. बायोसमध्ये सगळं मूळ जागी आणलं. “कमी केला, आई.” त्या म्हणाल्या, “मोठ्यानं म्हण. तिकडं तोंड करून.” मी दारावर परत टांगलेल्या नारळाकडे तोंड करून म्हटलं. लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नारळ हलवला आणि रडायलाच लागल्या. “पाणी हाय.”

मंगेशचं म्हणणं, पेस्ट डुप्लिकेट होती, फाटली असेल. मग त्याच ट्यूबमधली दुसऱ्यांदा का नाही फाटली? नवरा म्हणतो, खोबरं सुटून आत वाजत असेल. मग आदल्या दिवशी का नाही वाजलं? आणि माझ्या बोटाला लागलं ते काय होतं? मला माहीत नाही. पीसी आता जुन्याच वेगाने चालतो. दिवस जातो तर जातो.

गजूचा अजून पत्ता नाही. सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून रोज सकाळी त्या नारळ माझ्या कानाशी धरतात. मी श्वास रोखते. आत पाणी नाही. जाडसर, दमट काहीतरी सावकाश या कुशीवरून त्या कुशीवर होतं आणि तरीही तोच वास येतो.

“पाणी हाय ना व?”

“आहे, आई,” मी म्हणते आणि हात धुवायला जाते.