घोटीच्या वॉर्डातली नोंद

ते काम माझ्याकडे आलं, कारण स्टाफरूममध्ये मराठी टायपिंग फक्त मला येत होतं. नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवते आहे. विद्यार्थिनींच्या जाडजूड कागदी वह्या बंद झाल्या, सगळं टॅबवर आलं, त्याला सगळे ई-पोर्टफोलिओ म्हणू लागले. बाहेरगावच्या दवाखान्यांतल्या सिस्टरांना तो भरायला शिकवणं मग माझ्या गळ्यात पडलं. या सिस्टर कॉलेजच्या नोकरीत नसतात. स्वतःचा वॉर्ड सांभाळून त्या आमच्या मुलींना हाताखाली घेतात, आणि मुलगी तयार झाली की नाही हे बरंचसं त्यांच्या शेऱ्यावर ठरतं.

मी मनमाडला गेले, वणीला गेले. "पासवर्ड पोरींनाच देऊन टाकते ना मॅडम, त्या भरतील," असं पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणायचंच आणि मी चिडायचे. मी लवकर चिडते. त्यातून मला वाटायचं, मी काहीतरी मोठी सुधारणा घेऊन या आडगावच्या बायकांकडे आले आहे. आज ते आठवलं की माझीच मला शरम वाटते.

घोटीच्या स्त्री वॉर्डाच्या सिस्टर निवृत्तीला टेकल्या होत्या. एका बोटानं टाइप करायच्या आणि प्रत्येक अक्षरानंतर माझ्याकडे बघायच्या, बरोबर उमटलं का म्हणून. पण पासवर्ड त्यांनी कुणाला दिला नाही. त्यांचं भांडण वेगळंच होतं. विद्यार्थिनीनं स्वतःची चूक स्वतः लिहायची आणि सुपरवायझरनं, म्हणजे सिस्टरांनी, त्यावर शेरा द्यायचा, हा भाग त्यांना मुळीच पटला नव्हता.

"पोरगी चुकली ना मॅडम, मी तिला कपड्यांच्या खोलीत नेते. दार लोटते. अशी झापते, का ती पुन्हा नाव काढत नाय. मंग च्या पाजते. झालं! लिहून कशाला ठेवायचं?"

"लिहिलं की ती विचार करते. हे शिकण्यासाठी आहे सिस्टर, शिक्षेसाठी नाही."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणते," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि टॅब जवळ ओढला. त्यांनी फॉर्मवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हा मला तो माझा विजय वाटला.

त्या वर्षी त्यांच्याकडे आमची शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. बोलायची कमी, पण हात फार चांगला. तिच्या पाड्यावरून नर्स व्हायला निघालेली ती पहिलीच, आणि शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. एका दुपारी वॉर्डात चार नंबरच्या खाटेवरचा पंखा बंद पडला. तिथली म्हातारी उकाड्यानं हैराण झाली आणि कुणाला न सांगता सहा नंबरच्या रिकाम्या खाटेवर जाऊन निजली. सहा नंबरची बाई तेवढ्यात बाथरूमला गेली होती. मुलीनं खाटेचा नंबर बघितला, नाव विचारलं नाही, आणि त्या बाईचं इंजेक्शन म्हातारीला दिलं.

पाच मिनिटांत तिच्याच ध्यानात आलं. ती पळत सिस्टरांकडे गेली, सगळं सांगितलं. डॉक्टर आले, म्हातारीला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. काही झालं नाही. म्हातारीनं उलट तक्रार केली की पंख्याखालून आपल्याला का उठवलं.

संध्याकाळी सिस्टरांचा फोन आला. "कपड्यांच्या खोलीतलं झालंय माझं. आता तिला लिहायला लावू का? तुमी सांगा."

"लावायचंच," मी म्हणाले. "अशीच नोंद तर हवी असते."

रात्रीपर्यंत नोंद आली. मी ती वाचली आणि खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ लिखाण मी पाहिलं नव्हतं. पंखा, खाट, न विचारलेलं नाव, सगळं एकामागून एक, कुठेही सारवासारव नाही. दुसऱ्या पानावर सिस्टरांचा शेरा होता. एका बोटानं लिहायला किती वेळ लागला असेल कोण जाणे: 'चूक झाली. पाच मिनिटांत स्वतः येऊन सांगितली. माझी आई आजारी पडली तर या पोरीच्या हाती देईन.'

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात सगळ्या तालुक्यांतल्या सुपरवायझरांचं प्रशिक्षण आमच्या कॉलेजात होतं. मला नमुना हवा होता. मुलीचं नाव झाकून मी तिची नोंद पडद्यावर लावली आणि मिरवली. मिरवली हाच शब्द बरोबर आहे. सिस्टर लोक भारावून ऐकत होत्या. मागच्या रांगेत कॉलेजचे व्यवस्थापक बसले होते, जेवणाआधी सहज डोकावायला आलेले. नाव मी झाकलं होतं. वॉर्ड आणि तारीख झाकायची राहिली. त्या तारखेला घोटीच्या स्त्री वॉर्डात आमची एकच मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मला व्यवस्थापकांचं बोलावणं आलं. 'त्या नोंदीची प्रिंट घेऊन या.' मी विद्यार्थिनीच्या पानाची प्रिंट काढली. शेऱ्याचं पान वेगळं असतं, ते कुणी मागितलं नव्हतं, मीही काढलं नाही.

चौकशीला व्यवस्थापक धरून चारजण होते. मुलगी भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती, पांढऱ्या गणवेशात, कारण दुसरं काय घालावं हे तिला सुचलं नसावं. घोटीहून सिस्टर एसटीनं आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या उभ्यानंच बोलल्या.

"लिहायला मी लावलं. तिनं लपवलं आसतं तर तुमाला कळलं तरी आसतं का? आन माझा शेरा वाचला का कुनी?"

व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"तो दुसऱ्या पानावर असतो," मी म्हणाले.

"ठीक आहे. तुम्ही बाहेरच्या आहात सिस्टर, हा आमच्या कॉलेजचा विषय आहे." मग ते मला म्हणाले, "मॅडम, चूक लिहिली तर कारवाई होणार नाही, असं आपण विद्यार्थिनींना कुठे लिहून दिलंय का?"

लिहून कुठेच दिलेलं नव्हतं. मी ते तोंडी सांगितलं होतं, गावोगाव, टेबलावर हात आपटून. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मुलगीही बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की मी शब्द दिला होता, कारवाई करायची तर माझ्यावर करा.

"मार्गदर्शक पुस्तिकेत तसा उल्लेख नाही," मी म्हणाले.

हे अगदी खरं होतं. त्या खरेपणाची मला जेवढी लाज वाटते, तेवढी आजवर बोललेल्या कुठल्याही खोट्याची वाटत नाही. नोकरीची भीती होती का? असेलही. पण खरं तर त्या क्षणी मला फक्त त्या चौघांच्या बाजूला बसायचं होतं, भिंतीलगतच्या खुर्चीजवळ नाही.

मुलीला परीक्षेला बसू दिलं नाही. वर्ष पुन्हा करायचं, असं ठरलं. घरचे म्हणाले, झालं तेवढं बस, परत ये. चौकशी संपल्यावर दारात चपला घालताना सिस्टरांचा तोल गेला, मी हात पुढे केला, तर त्यांनी चौकट धरली. त्यानंतर घोटीहून येणाऱ्या नोंदी वेळेवर येतात. सगळ्या मुलींचं काम 'समाधानकारक' असतं आणि कुणाचीही कधी चूक होत नाही. मी त्या मंजूर करते.

महिन्याभरानं ती मुलगी मूळ कागदपत्रं न्यायला आली. ऑफिसात गर्दी होती म्हणून माझ्या टेबलाशी येऊन थांबली. माझ्याकडे बघून हसली, नेहमीसारखी. तिनं मला काही बोलावं, चार शब्द सुनवावेत, असं मला फार वाटत होतं.

"मॅडम, माझं लॉगिन चालू आहे ना अजून?"

"आहे. का गं?"

"घोटीची एक नोंद लिहायची राहिलीय. शेवटच्या दिवसाची. माझ्यामुळे सिस्टरांच्या यादीत ती अपुरी म्हणून लाल दिसत असेल."

मी तिला नको म्हणू शकले नाही. माझी खुर्ची दिली. ती भराभर टाइप करत होती, मी मागे उभी राहून वाचत होते. सलाइन लावताना तिला पहिल्यांदा शीर सापडली नव्हती. तेही तिनं लिहिलं. तिथे लिही म्हणणारं किंवा बघणारं आता कुणी नव्हतं, तरी लिहिलं.

मग ती थांबली. फॉर्मच्या तळाशी एक सक्तीचा रकाना असतो, तो भरल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. 'पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं कराल?'

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात. वर्गात अडलं की विचारायची तसंच विचारलं.

"मॅडम, इथं काय लिहू?"

ऑफिसातून तिच्या नावाचा पुकारा झाला.

"टिंब टाक," मी म्हणाले. "नुसतं टिंबही चालतं."

तिनं टिंब टाकलं. नोंद जमा झाली. माझी खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ती कागदपत्रं घ्यायला गेली.