हिरव्या चुड्यातली लाल बांगडी

वनजाला विचारल्याशिवाय म्हैसूरच्या मराठ्यांत नवरी बोहल्यावर चढत नाही, असं तिथल्या विजयनगर भागात आजही म्हणतात. आणि गंमत बघा, जिला सगळे विचारायचे त्या बाईला स्वतःला कशाचाच निर्णय करता यायचा नाही. मेटगळ्ळीच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं कचेरीत काम केलं. पण घरी जाताना दोन बस एकदम आल्या, की कुठली धरावी ह्या विचारात दोन्ही चुकवायची. हॉटेलात गेली की सेट दोसा की मसाला दोसा, इथंच गाडी अडायची. शेवटी वेटरच काहीतरी आणून ठेवायचा आणि ती बिचारी निमूट खायची.

नवरी समोर बसली की मात्र बाई वेगळी. "मुंडावळ्या आधी, बाशिंग नंतर. गजरा डावीकडं. अगं इकडं नव्हे, तिकडं!" कुणी उलट विचारायचं नाही. का विचारतील? चाळीस नवऱ्या तिनं सजवल्या होत्या. लग्न तिनं स्वतः केलं नाही, आधी वडिलांचं आजारपण निघालं, मग वय निघून गेलं. थोरला भाऊ खंडोजीराव आणि वहिनी भागीरथी ह्यांच्याच घरी ती राहिली. त्यांची एकुलती एक मुलगी कावेरी तिच्या अंगाखांद्यावर वाढली. २०१५ साली त्या कावेरीचं लग्न ठरलं आणि आपल्या वनजाबाईंच्या नाकी नऊ आले.

मुलगा साताऱ्याचा, नोकरीनं म्हैसुरात आलेला. त्यामुळं याद्या झाल्या तीन. मुलाची आई रुक्मिणीबाई, त्यांची यादी फोनवर आली: नथ, ठुशी, चंद्रकोर, मोत्याच्या मुंडावळ्या, हिरवागार चुडा. खंडोजीरावांची यादी तोंडी आणि मोठ्या आवाजात: कमरेला डाबु, दंडावर वंकी, केसांत कळ्यांची मोग्गिन जडे, नाहीतर मुलगी म्हैसूरची आहे हे कळणार कसं? तिसरी खुद्द नवरीची. ती म्हणजे फोनमधली पावणेदोनशे चित्रं, त्यात एकाही नवरीच्या अंगावर हळदीचा रंग नाही, सगळ्या फिकट गुलाबी.

"आत्त्या, एवढं सगळं घातलं तर मी दिसणार कुठं?" कावेरीनं देवराज मार्केटात विचारलं.

"थांब गं कणे, मला विचार करू दे," वनजा म्हणाली आणि पाऊण तास विचार करत राहिली. नथेचंच बघा. कावेरीचं नाक उजवीकडं टोचलेलं, आमच्या म्हैसुरी पद्धतीनं. साताऱ्याची नथ डावीकडची. दुकानदारानं दाबाची नथ पुढं केली, टोचायला नको, नुसती बसवायची. ती डावीकडं लावावी तर उजवीकडची चमकी काढायची का ठेवायची? काढली तर आई रागावणार, ठेवली तर सासू हसणार. वनजानं नथ चारदा इकडून तिकडं लावून पाहिली. शेवटी कावेरीला शिंका सुटल्या, तेव्हा कुठं चमकी ठेवून नथ डावीकडं असं ठरलं. ठरलं म्हणजे दुकानदारानं ठरवलं. खोपा की जडे हा प्रश्न दोघींनी उद्यावर ढकलला. डाबु घेतला, परत दिला, पुन्हा घेतला.

बांगड्यांच्या दुकानात मात्र काही ठरवायला लागलं नाही. म्हातारा दुकानदार ओळखीचाच. त्यानं हिरवा चुडा मोजून ठेवला आणि न सांगता वर एक लाल बांगडी ठेवली. "ओंदु केंपु. तुमच्या मराठ्यांची एक लाल, डाव्या हाताला. मला ठाऊक नाही का?"

ती लाल बांगडी समोर आली, की वनजा दरवेळी घाईनं नजर दुसरीकडं वळवायची, आताही तेच. तिनं डबा बंद केला.

आता ह्या लाल बांगडीची ख्याती ऐका. म्हैसूरच्या मराठ्यांत नवरीच्या डाव्या हातात, हिरव्या चुड्याच्या मधोमध, एक लाल काचेची बांगडी असते. असतेच. का असते, ते खंडोजीराव सांगत. आपले पूर्वज राजवाड्याच्या घोडदळात. लग्नाच्या मांडवातून थेट लढाईवर जायचे. म्हणून शिपायाच्या बायकोनं सौभाग्याच्या हिरव्यात रक्ताच्या रंगाची एक बांगडी घालायची, नवरा परत येईपर्यंत काढायची नाही. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, ऐकणाऱ्यांचेही. अडीचशे वर्षांची रीत!

त्याच संध्याकाळी रुक्मिणीबाईंचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. फोन धरला होता त्यांच्या धाकट्या मुलीनं. तिच्या हातून तो तीनदा पडला आणि तिन्ही वेळा रुक्मिणीबाई तिच्यावर ओरडल्या. कावेरीनं एकेक वस्तू दाखवली. नथ पसंत, ठुशी पसंत, डाबुसुद्धा पसंत. मग चुडा आला.

"अगं बाई, मधेच लाल कशी?" रुक्मिणीबाई हसत म्हणाल्या. बाई मनानं वाईट नव्हती, जिभेला मात्र हाड नव्हतं. "एक बांगडी वाढली म्हणून हाताला लागेल ती कोंबल्यासारखी दिसते!"

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण कुठल्याही शब्दात सांगा, वनजाच्या तोंडचं पाणी पळालं.

खंडोजीराव खुर्चीतून उठले. घोडदळ, मांडव, लढाई, सगळं झालं. वर म्हणाले, "ही बांगडी नसेल तर मी कन्यादानाला बसणार नाही. आय्तु. विषय संपला."

मग रुक्मिणीबाई म्हणाल्या, "रीत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या सुनेच्या चुड्यात उगाच भलतं काही नको. वनजाताई जाणत्या आहेत. मी गुरुवारी चुडा भरायला येतेच आहे. त्यांनी माझ्यासमोर सांगावं, ही खरंच पूर्वापार आहे. मी ऐकेन."

"विचारा की!" खंडोजीराव गरजले. "वनजाला विचारा!"

झालं! इकडे आड, तिकडे विहीर. कारण ही रीत पूर्वापार नाही हे साऱ्या म्हैसुरात एकट्या वनजाला माहीत होतं. ती रीत सदतीस वर्षांची होती आणि वनजानंच घातली होती.

१९७८. खंडोजीरावांचं लग्न. वनजा सोळा वर्षांची, परकर-पोलक्यातली. नवरीला बांगड्या भरून बांगडीवाला निघून गेला, शेवटची एक डाव्या हाताला घट्ट होत होती. "साबण लावून चढवा," म्हणाला. ते काम वनजानं हौसेनं अंगावर घेतलं. नवरी म्हणजे भागीरथी, बंगळूरची, मान खाली घालून नुसती रडत होती. वनजानं साबण लावला, दाबलं, आणि कट्! चुडा वाढला. लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला अर्धा तास असताना! जादा बांगडी नव्हती. पोरीनं तुकडे परकराच्या ओच्यात लपवले आणि स्वतःच्या हातातली, जत्रेतली लाल बांगडी काढून नवरीच्या हातात सरकवली.

तेवढ्यात वनजाची आई चार बायका घेऊन आत आली. "ही लाल कशी गं?"

वनजा ओचा घट्ट धरून मागं सरली. तेव्हा रडणारी नवरीच खाली मान घालून हळूच म्हणाली, "तुमच्याकडं असंच असतं ना, सासूबाई? मी ऐकलं होतं."

आता वनजाची आई कशी, तर अमुक मला ठाऊक नाही असं चार बायकांत मेली तरी म्हणणार नाही. "असतं तर! असतंच आमच्यात," म्हणाली. त्या चार बायकांनाही अडाणी ठरायचं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या एकीच्या मुलीच्या हातात लाल बांगडी आली. मग दुसरीच्या. दहा-एक वर्षांनी खंडोजीरावांनी तिला घोडदळ जोडलं. आणि वनजा? तिला दरवेळी वाटायचं, सांगून टाकावं. पण मग वहिनीला कळणार की आपला चुडा लग्नाच्या दिवशीच वाढला होता. भोळी बिचारी, ती खरंच रीत समजली! नाही सांगितलं.

गुरुवारपर्यंतचे तीन दिवस वनजानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. खरं सांगावं तर दादाचं घोडदळ भुईसपाट, वहिनीच्या जिवाला घोर आणि सजवलेल्या चाळीसजणी जन्मभर आपल्याला शिव्या घालणार. खोटं सांगावं तर देवाब्राह्मणांसमोर खोटी शपथ, तीही पोरीच्या संसाराच्या पहिल्या पायरीवर. सकाळी ठरवायची सांगायचं, भाजी चिरेपर्यंत ठरायचं नाही सांगायचं. सांबारात तिनं मीठ दोनदा घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या धास्तीनं घातलंच नाही.

बुधवारी कावेरी तिच्याजवळ येऊन बसली. "आत्त्या, तू काहीही सांग, पण एवढं बघ. अप्पांना दुखवून मला जायचं नाही आणि सासूबाईंना दुखवून मला तिथं शिरायचं नाही." पोरीचे डोळे सुजले होते. ते बघून वनजाला स्वतःचा असा राग आला की बस्स.

गुरुवारी सकाळी बांगडीवाला ओटीवर बसला. कावेरी पाटावर. शेजारी रुक्मिणीबाई, समोर छाती काढून खंडोजीराव. हिरव्या बांगड्या भरून झाल्या आणि डाव्या हाताशी येऊन बांगडीवाला थांबला. सगळे वनजाकडं बघू लागले.

"आलेच," म्हणाली आणि वनजा सरळ कोठीच्या खोलीत पळाली. भागीरथी तिथं ओटीचे तांदूळ काढत होती.

"वहिनी," वनजा दार लोटून म्हणाली, "मला तुमची माफी मागायचीय. त्या दिवशी तुमचा चुडा... माझ्या हातून... वाढला होता. लाल बांगडी रीत नव्हती. माझी होती. जत्रेतली." आणि चोपन्नाव्या वर्षी ती बाई लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली.

भागीरथीनं सूप खाली ठेवलं. हात पुसले. मग डाव्या हातातल्या बांगड्या मागं सारून मनगट तिच्यापुढं धरलं. तिथं तांदळाएवढा पांढरा व्रण होता.

"वन्सं, हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो? हात माझा होता की. काच मलाच लागली."

"पण तुम्ही तर म्हणालात, तुमच्याकडं असंच असतं..."

"मग काय म्हणणार? तुम्ही माझ्यासमोर पानासारख्या थरथरत होतात. बाहेर कळलं असतं तर चुडा वाढवणारी पोर म्हणून पांढऱ्या पायाची ठरला असतात, सोळाव्या वर्षी. रक्त मी पदराला पुसलं आणि सुचलं ते बोलले." भागीरथी हसली. "सासूबाई 'असतंच आमच्यात' म्हणाल्या, तेव्हा मला पदराआड इतकं हसू आलं! आणि तुम्ही समजलात मी रडतेय."

वनजा तिच्याकडं बघत राहिली. सदतीस वर्षं! जिला आपण सांभाळतोय असं समजत होतो, ती आपल्याला सांभाळत होती. घरात पाऊल टाकायच्याही आधीपासून. तिनं वहिनीचा हात घट्ट धरला, तोच, डावा.

मग तिनं डोळे पुसले, बाहेर आली आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता सगळं सांगून टाकलं. साबण, तुकडे, जत्रा, पदराचं रक्त, सगळं. बांगडीवाल्यासकट सगळे ऐकत होते.

खंडोजीराव मटकन खाली बसले. घोडे गेले, लढाई गेली. मग बायकोला म्हणाले, "तुला माहीत होतं? मग इतकी वर्षं माझं घोडदळ ऐकून घेत होतीस?"

"छान सांगत होता की तुम्ही," भागीरथी म्हणाली.

"चूक माझी, रुक्मिणीबाई," वनजा म्हणाली. "ही रीत नाही. तुम्ही म्हणाल तर पूर्ण हिरवा भरा. दादा कन्यादानाला बसेल. काय रे?"

खंडोजीरावांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण हलवली.

रुक्मिणीबाईंनी डब्यातली लाल बांगडी उचलली, उजेडात धरून पाहिली. एकदा भागीरथीच्या मनगटाकडं पाहिलं. मग कावेरीचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि बांगडी वनजापुढं धरली.

"तुम्हीच भरा, वनजाताई. सावकाश," त्या म्हणाल्या. "घरी माझी धाकटी आहे, सोळा वर्षांची. हातात घेतलेलं काही टिकत नाही तिच्या."