तबकडीच्या शेवटचं हसू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. देवापुढंही नाही — कारण देवापुढं बसलो की मी दुसरीच पापं पुढं करतो. कुणाच्या घड्याळातला चांगला भाग काढून जुना बसवला, थोरल्या भावाशी वर्षभर बोललो नाही, असली फुटकळ पापं. ती कबूल करायला सोपी असतात. ही सांगायची म्हणजे — पण थांबा. आधी मला जरा गाण्याबद्दल बोलू द्या. तुम्ही म्हणाल, म्हातारा टाळाटाळ करतोय. करतोयच. पण गाण्याचं वेड सांगितल्याशिवाय हे पाप तुम्हाला कळायचं नाही.

मी नागपूरच्या इतवारीतल्या कोष्ट्याच्या घरचा. बाप, आजा, चुलते सगळे मागावर. मला मागावर बसवलं की सूत तुटायचं, आणि कुठलं यंत्र उघडून समोर ठेवलं की हात आपोआप चालायचे. शेवटी बापानं नाद सोडला. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरी लढाई अजून लांब होती, तेव्हा मी सीताबर्डीला घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान थाटलं. दुकानामागं एक खोली. तिथं मी आणि माझी बायको सरू.

डंकन साहेब पहिल्यांदा आला तो स्प्रिंग तुटलेला ग्रामोफोन मोटारसायकलला दोरीनं बांधून. कन्हानकडच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीत भोकं पाडून पाहण्याचं काम करायचा. उंच, लालबुंद, मोडक्या हिंदुस्थानीत बोलणारा. कुणी इंग्रज म्हटलं की चिडायचा. मी कॅनडाचा, म्हणायचा, आमच्याकडं अर्धं वर्ष बर्फ असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात हे ऐकून गिऱ्हाईकं हसायची.

स्प्रिंग बसवली. यंत्र वाजतं का पाहायला त्यानं पेटीतून एक तबकडी काढली. अमेरिकेतला कुणी काळा माणूस, त्याचा गळा आणि एक गिटार, बाकी काही नाही. या गाण्याला ब्लूज म्हणतात, असं साहेबानं सांगितलं. एक ओळ म्हणायची. मग तीच ओळ परत म्हणायची — जणू पहिल्या वेळी कुणी ऐकलंच नाही. मग तिसऱ्या ओळीत काय झालं ते सांगून मोकळं व्हायचं. माणूस गप्प झाला की गिटार हुंकार द्यायची. शब्द मला एकही कळला नाही. पण आमच्या गल्लीत एक विधवा मावशी होती, ती पाणी भरता भरता स्वतःशी असंच बोलायची, एकच वाक्य दोनदा. मला तीच आठवली, आणि गिऱ्हाइकासमोर माझे डोळे भरून आले. लाज वाटली. साहेबानं पाहिलं, दुसरी तबकडी लावली.

त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. मी कामं बाजूला ठेवून ऐकायचो. ब्लूजवाल्यांचे गळे मी ओळखू लागलो — हा खोकल्यासारखा गातो, हा झोपेत बोलल्यासारखा, ही बाई भांडायला उभी राहिल्यासारखी. साहेबाचा जीव मात्र आपल्या मुलखातल्या लोकांवर. तिकडचा एक फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, होता, तो वाजवता वाजवता पायानं ठेका धरायचा आणि तो ठेकाही तबकडीत ऐकू यायचा. एक जण गाता गाता गळा मध्येच मोडून वर चढायचा. एक जण संथ, सरळ गायचा, खिडकीत बसून रस्ता बघितल्यासारखा. हा संथवाला लक्षात ठेवा. मला त्याला विसरता येत नाही.

आणि एक तबकडी होती खुद्द डंकन साहेबाची. हिंदुस्थानात यायच्या आधी त्यानं तिकडच्या एका कंपनीत जाऊन गाणं भरलं होतं. कंपनीला पसंत पडलं नाही. नमुन्याची तेवढी एक तबकडी त्याच्या हातात दिली आणि वाटेला लावलं. मीही रेकॉर्डवरचा कलाकार आहे, असं तो स्वतःची थट्टा करत सांगायचा. गाणं खरंच साधारण होतं. आवाज सपाट. शेवटच्या कडव्यात तो एक शब्द विसरला होता, गुणगुणून वेळ मारून नेली होती, आणि गाणं संपल्यावर — हसला होता. छोटंसं, नाकातल्या नाकात. यंत्र बंद व्हायच्या आत ते हसू तबकडीत उतरलं.

पुढं त्यानं मिशनच्या दवाखान्यातल्या मार्थाबाईशी लग्न केलं. त्या आपल्याकडच्याच, ख्रिस्ती, नर्स होत्या. चर्चमध्ये रीतसर लग्न झालं. मुलगी झाली, रूथ. ती रांगत होती तेव्हा साहेबाला ताप भरला आणि मार्थाबाई ज्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या, तिथंच तो गेला.

बंगला खाणीच्या कंपनीचा होता, ग्रामोफोनही कंपनीचा. मार्थाबाईंकडं राहिली तबकड्यांची पेटी. ती त्यांनी माझ्या दुकानात आणून ठेवली. मग प्रार्थना आटोपली की दर रविवारी त्या पोरीला कडेवर घेऊन यायच्या. बाकीचं काही ऐकायच्या नाहीत. साहेबाची तबकडी लावायची, डोळे मिटून बसायचं. रूथला गाण्याशी कर्तव्य नव्हतं. ती हसण्याची वाट बघायची. हसू आलं की टाळ्या पिटायची आणि पुन्हा लावा म्हणायची. मी सुई उचलून शेवटच्या रेघांवर अलगद ठेवायचो. हसू. पुन्हा उचलायचो. पुन्हा हसू. सरू आतून चहा घेऊन यायची आणि दारात उभी राहून तीही हसायची. असे किती रविवार गेले कोण जाणे.

मग मार्थाबाईंची बदली रायपूरला झाली. जायच्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, आगगाडीत फुटून जाईन हे. तुमच्यापाशीच राहू द्या. पोरगी मोठी झाली का येऊन नेईन मी." मी म्हटलं, काळजी करू नका. जिवापाड जपीन. हे शब्द मी वापरले होते — जिवापाड.

जपलंही. बरीच वर्षं जपलं. उगाच का सांगतोय हे? सांगून वजन कमी होणार आहे का?

लढाई आली. लाख मिळेनाशी झाली, आणि तबकडी तर लाखेचीच. लकडगंजात एक व्यापारी होता, तो नवी तबकडी नुसत्या पैशावर देईना. जुन्या आणा, मोडीत घाला, तेव्हा नवी न्या. मोडही त्याच्यासमोर फोडायची, म्हणजे तीच तबकडी कुणी दुसऱ्या वाटेनं पुन्हा बदलून नेणार नाही. आम्ही सगळे दुकानवाले असंच करायचो. कुणाला त्यात काही वाटत नसे. रद्दी ती रद्दी.

एक दिवस त्याच्याकडं कामठीच्या छावणीतून कुण्या अमेरिकन सोल्जराची पेटी आली. त्यात माझ्या त्या पहिल्या माणसाची तबकडी होती — एक ओळ दोनदा म्हणणारा तो. मी कधी न ऐकलेलं गाणं. व्यापाऱ्यानं अर्धं वाजवून दाखवलं आणि सुई उचलली. लबाड होता, पण पारखी होता. अर्ध्या गाण्यावर माणूस किती लाचार होतो, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

बदल्यात त्यानं मागितल्या तेवढ्या जुन्या द्यायच्या म्हणून मी घरी आलो, झिजलेल्या तबकड्या गोळा केल्या. एक कमी पडत होती.

आता ऐका. मी काही घाईत नव्हतो. कुणी माझ्या मानेवर बसलेलं नव्हतं. दोन दिवस थांबलो असतो तर कुणाकडूनही एखादी भंगार तबकडी मिळाली असती. पण मी पेटी उघडून बसलो आणि रसिकासारखा विचार केला. हा फिडलवाला? छे, हा कसा देणार. ही भांडखोर बाई? जीव गेला तरी नाही. हा संथवाला? चांगला आहे, राहू दे. मग साहेबाची तबकडी हातात आली. सपाट आवाज. विसरलेला शब्द. या सगळ्यांत गाणं म्हणून सगळ्यांत हलकी कोणती, तर हीच. मार्थाबाईंची इतक्या वर्षांत ना चिठ्ठी ना चपाटी — विसरल्या असतील, असंही मनाला पटवलं. ते खोटं होतं. मला गाण्याची पारख होती म्हणून मी ती उचलली. एवढंच खरं आहे.

व्यापाऱ्यापुढं गुडघ्यावर ठेवून मोडली. वाळलेली काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. नवी तबकडी घरी आणून संध्याकाळभर ऐकली. फार मोठं गाणं होतं ते. मी रडलो. आता विचारतो स्वतःला — कशासाठी रडत होतास रे?

लढाई संपत आली तेव्हा एका दुपारी पंधरा-सोळा वर्षांची पोरगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. उंच, बापाच्या हनुवटीची. मी ओळखलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. मार्थाबाई रायपूरलाच वारल्या होत्या. रूथ आता नागपूरला मिशनच्या बोर्डिंगात राहत होती. म्हणाली, "काका, आईनं सांगितलं होतं, बाबाचा आवाज तुमच्यापाशी आहे."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी सांगितलं, पेटी माळ्यावर आहे, काढून पुसून ठेवतो, रविवारी ये.

म्हणजे माझ्यापाशी सगळा आठवडा होता. त्या आठवड्यात मी काय केलं? त्या संथ गाणाऱ्या माणसाची तबकडी काढली. मधल्या कागदावर त्याचं नाव छापलेलं होतं, आणि पोरगी इंग्रजी शिकलेली. मी कागद पाण्यानं भिजवला, नखानं खरवडला, अर्धवट ठेवला, म्हणजे कसर लागल्यासारखा दिसेल. घड्याळाच्या कामाला बसलेला माझा हात, काम सुबक झालं.

रविवारी ती आली. मी चावी दिली, तबकडी लावली. ती आईसारखीच डोळे मिटून बसली. तो परका माणूस गायला — सुरेख गायला, साहेबाला सात जन्मांत जमलं नसतं असं — आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सरू चहा घेऊन दारात आली. तिनं दोन ओळी ऐकल्या, माझ्याकडं पाहिलं, कप खाली ठेवले आणि आत गेली.

गाणं संपलं. सुई नुसती खरखरत राहिली. रूथनं डोळे उघडले नाहीत. ती थांबून होती. मला कळेना, आता कशाची वाट बघते ही? मग कळलं.

"काका," ती म्हणाली, "बाबा हसत नाहीत? आई सांगत जाय, शेवटी बाबा हसतात म्हणून."

मी ग्रामोफोनचा माणूस. सुई काय करते आणि काय करत नाही, हे माझ्याइतकं या गावात कोणाला ठाऊक होतं? उत्तर जिभेवर तयार होतं. "झिजलं ते, बेटा. शेवटच्या रेघा लय वेळा वाजल्या ना. सुईनं खाऊन टाकलं."

ती तबकडीवर वाकली. म्हणाली, "म्हणजे मीच झिजवलं. आई सांगे, मी म्हणत होती — पुन्हा लावा, पुन्हा लावा."

तेव्हा तरी नाही म्हणायचं होतं. नुसतं नाही. मी मान हलवली — हो अशी. मी एका पोरक्या पोरीला हो म्हणालो, की तुझ्या बापाचं हसू तू संपवलंस.

तिनं तबकडी आपल्या ओढणीत गुंडाळली, माझ्या पाया पडली आणि गेली. आत गेलो तर सरू चुलीपुढं बसली होती. मागं न वळता एवढंच म्हणाली, "काहून केलं असं?" तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि माझ्या दुकानात गाणं लागलं की त्यानंतर ती मरेपर्यंत दारात आली नाही.

रूथ आजही नागपुरात आहे. शाळेत शिकवून निवृत्त झाली, नातवंडं आहेत. दर नाताळला मला केक पाठवते. मागं एकदा मी धीर करून विचारलं, ती तबकडी वाजवतेस का गं कधी? म्हणाली, नाही काका, त्या दिवसानंतर एकदाही नाही. मखमलीत बांधून ठेवली आहे, पोरांनाही हात लावू देत नाही. लहानपणी हावरेपणा करून हसू घालवलं, आता आवाज तरी उरू दे.

त्या मखमलीत कुणी परका आहे. तिचा बाप लकडगंजात माझ्या गुडघ्यावर मोडला. त्याचा दोष मी तिच्या हातात दिला, आणि तो ती अजून जपून आहे — जिवापाड.