रेवस–रेवदंडा, शनिवारी बंद

वडिलांनी एका शुक्रवारी दुपारी मला जे सांगितलं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. आणि ते बाहेर आलं कशावरून, तर जगात कुठे कधी धावलीच नाही अशा एका आगगाडीवरून.

आई मुंबईतच गेली. तिचं वर्ष सरल्यावर बाबा आणि मी निघालो ते यहुद्यांच्या नव्या देशात, वाळवंटातल्या बेर्शेबाला येऊन पडलो. बाबा मुंबईत एका कारखान्यात टाइमकीपर होते, मी एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. इथे मला पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायची नोकरी मिळाली. बाबांना काहीच मिळालं नाही. वर्षभरात त्यांनी धोशा लावला, मला परत धाड. आपल्यातली काही माणसं परत गेलीही होती, त्यामुळे ते नुसतं बोलणं नव्हतं. शनिवारी तर त्यांच्याकडे बघवत नसे. बस बंद, दुकानं बंद, सगळं गाव कसं निवांत, आणि आमचे बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. मला वाटे, उन्हाळा सोसत नाही. मी त्यांना पंखा घालायची, लिंबाचं पाणी द्यायची. अक्कल किती गहाण पडावी माणसाची!

त्यांना परत पाठवायची माझी तयारी नव्हती. ते गेले असते तर या देशात माझं असं एक माणूस उरलं नसतं.

एकदा ते नेहमीप्रमाणे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला कसं जायचं, तिथून गावापर्यंत बैलगाडीत हाडं कशी खिळखिळी व्हायची, ते सांगत होते. मी वैतागून म्हटलं, तुमच्या रेवसला आगगाडी असती तर कोणी गाव सोडलं असतं का? आपल्या घाण्यांच्या तेलाचे डबे गाडीत चढवून सुखाने राहिले असते सगळे. मुंबई नाही, मग बेर्शेबाही नाही.

मी चिडून बोलले होते. बाबा मात्र ताठ बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "अडीच फुटी रूळ घालावे लागतील. मोठी गाडी नारळीच्या वाड्यांतून वळायची नाही."

मी संधी साधली. म्हटलं, आपण तिचं मॉडेल करू या. रेवस ते रेवदंडा. ती पुरी होईपर्यंत परत जायचं नाव काढायचं नाही. ते कबूल झाले. गाडी रेवदंड्याला लागली की मग मात्र मला अडवायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण त्यावर वडील घरात राहणार होते, तेव्हा मला तो गोड लागला.

प्रमाण ठरलं एका फुटाला पाव इंच, म्हणजे रुळांतलं अंतर पाच सूत. खोक्यांच्या फळ्या जोडून सहा फूट लांबीचा पाट केला. खोक्यांना बांधून येणारी लोखंडी पट्टी कापून रूळ केले, आगकाड्यांचे स्लीपर. दूधपावडरच्या डब्यातून डबे निघाले, आणि इंजिन बाबांनी सार्डिनच्या डब्यातून असं काढलं की मी बघतच राहिले. ते आपोआप धावत नसे, मागून तारेने ढकलावं लागे. वाळूचं वारं सुटलं की पाटावर चादर टाकायची आणि नंतर एकेक रूळ पिसाने झाडायचा.

या गाडीचा इतिहासही आम्ही रचला. कंपनी इंग्रजांची नाही, शनिवार तेल्यांची. शनिवार तेली म्हणजे आम्हीच. कोकणात आमचे वाडवडील घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल जुंपायचे नाहीत, म्हणून गावाने दिलेलं नाव. प्रार्थना विसरलो होतो, पूर्वजांचं गलबत फुटलं तेव्हा पोथ्या समुद्राने नेल्या, पण शनिवार पाळला, आणि त्या एका खुणेवरून आम्ही यहुदी ते जगाला कळलं. तर या तेल्यांनी मिळून रूळ टाकले, आपल्यातलेच ड्रायव्हर, आपल्यातलेच गार्ड, आणि कोणाला मुंबईला जाऊन साहेबाच्या हाताखाली राबावं लागलं नाही.

बाबांना विचारायचा अवकाश, की सगळं तयार. नवगावला फाटा का हवा, अलिबागला पाण्याची टाकी कोणत्या बाजूला, कोणत्या विहिरीला वळसा घालायचा. मी वळण कागदावर आखायच्या आत ते पाटावर बोटाने काढून दाखवायचे. इतकं सगळं यांच्या डोक्यात आत्ता आत्ता आलंय, हे माझ्या मनाला कुठेतरी पटत नव्हतं. पण मी खूश होते. रेवदंड्याच्या अलीकडे वीतभर जागा तेवढी मी मोकळी ठेवली होती. कधी खाडीवरचा पूल बदलायला काढायची, कधी वळणाची त्रिज्या चुकली म्हणायची. दोन वर्षं मी ती वीत पुरवून पुरवून वापरली.

त्या शुक्रवारी ऑफिस लवकर सुटलं. बाबांनी वेळापत्रक लिहून ठेवलं होतं, सुंदर अक्षरात, रविवारपासून शुक्रवारपर्यंत रोज चार गाड्या. शनिवारचा रकाना कोरा. मी सहज म्हटलं, "शनिवारी एक तरी गाडी लागेल. टपाल आहे, आजारी माणसं आहेत. इतर गावकऱ्यांनी काय करायचं?" मी आपली हसून पुढे म्हणाले, पण तुम्ही कसली सोडताय. साहेबाशी भांडून शनिवारची सुट्टी घेतलीत आणि त्याच्या बदल्यात दर रविवारी एकट्याने कारखाना राखलात. तुम्हीच या कंपनीचे मॅनेजर शोभता.

ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. मी ती इथे दहा जणांना ऐकवली होती. ऑफिसातली एक बाई एकदा म्हणाली, तुम्ही हिंदुस्थानातले लोक, तुम्ही खरे यहुदी कशावरून? तेव्हा मी बाबांचा शनिवार तिच्या तोंडावर फेकला होता.

बाबांनी लेखणी खाली ठेवली.

"बाय, ती सुट्टी सहा महिने होती," ते म्हणाले. "मग साहेब बदलला. नवीन साहेब बोलला, शनिवारी ड्यूटी नाही तर नोकरी नाही. एकोणीस वर्षं मी शनिवारी कामावर गेलो."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. दर शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पांढरा कोट घालून ते लांबच्या जुन्या मशिदीत प्रार्थनेला म्हणून निघत. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. जवळची सोडून लांबच्या मशिदीत का, हे कोणी विचारलं नव्हतं. कोट कारखान्यात खुंटीला टांगून ते हजेरी घेत होते. शनिवारी अर्धा दिवस, म्हणून जेवायला वेळेवर घरी. आई शुक्रवारी रांधलेलं झाकून त्यांची वाट बघत बसलेली असे. ते आले की उठून म्हणे, आमच्यासाठी काय मागितलंत?

"आणि रविवारी?" मी विचारलं.

रविवारी कारखान्याला सुट्टी. पण आईच्या लेखी तो त्यांच्या कामाचा दिवस, म्हणून डबा घेऊन घरातून निघावंच लागे. ते भाऊच्या धक्क्यावर जाऊन बसत. एकोणीस वर्षं, दर रविवारी, रेवसच्या लाँच सुटताना बघत. तिथे बसून त्यांनी ही गाडी आखली होती. एकेक स्टेशन, एकेक वळण. मी त्यांच्यासाठी रचलेली गाडी मुळात माझी नव्हतीच.

मला त्यांचा राग आला. दया यायला हवी होती, पण राग आला, इतका की हातातली पट्टी मी भिंतीवर फेकली. मी त्या बाईला काय काय सुनावलं होतं! आणि आई, ती तर त्यांचा शब्द खरा मानूनच गेली. मी म्हटलं, तिला एकदा तरी सांगायचंत.

"तेच तर," बाबा म्हणाले. "तेच सांगायला जायचंय मला. इथून सांगून तिला ऐकू कसं जाईल?"

मी दिवा लावला. आमच्याकडे शुक्रवारचा दिवा आई लावायची, ती गेल्यावर मी. त्या दिवशी काडी तीनदा विझली. दुसरा दिवस शब्बाथचा. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, आणि या खेपेला मी पंखा घातला नाही. बाहेर एक चाक फिरत नव्हतं, आणि ती शांतता त्यांना कशी चावत असेल ते मला पहिल्यांदा कळत होतं.

इथे रविवार कामाचा दिवस, पण त्या रविवारी मी रजा टाकली. सकाळीच पाटावरची चादर काढली, पट्टी कापली, आगकाड्या मांडल्या, आणि दोन वर्षं लांबवलेली ती वीत तासाभरात पुरी केली. शेवटचा रूळ अगदी सरळ बसला. बाबा दारात उभे राहून बघत होते. मी तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी रेवसपासून गाडी ढकलत आणली आणि ती रेवदंड्याला लागली. मग त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं आणि शनिवारच्या कोऱ्या रकान्यात एक गाडी लिहिली. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पुढे लिहिलं, फक्त स्टाफसाठी.

"बाय, आता तुझी परवानगी आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

कागद व्हायला काही महिने गेले. हैफाच्या धक्क्यावर मी त्यांना बोटीत चढवलं. ती इटलीला जायची, पुढे त्यांना मुंबईची बोट मिळणार होती. धक्क्यावर उभं राहून सुटणारी बोट बघायची पाळी आता माझी होती.

दोन महिन्यांनी पत्र आलं. सुंदर अक्षर, पण पत्र म्हणावं तर अगदी आखूड. प्रकृती बरी आहे. गाडीवर चादर टाकत जा. तुझ्या आईला सगळं सांगितलं. आता शनिवारी मशिदीत जातो, खरोखर जातो.