आईच्या दिवसाची सहा चित्रं

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी बोरी अरबच्या स्टँडवर नेरच्या बसची वाट पाहत उभा होतो. ताईला दवाखान्यात भरती केल्याचं सकाळीच कळलं होतं, म्हणून निघालो होतो. "सुधाकर, घाई करू नको आता," एवढंच ते म्हणाले... आणि मला समजायचं ते समजलं. बस आली, पण मी चढलो नाही. आधी घरी परत जाऊन आईला सांगणं भाग होतं. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. थोरली लेक आपल्याआधी गेली हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माह्यासाठी थांबाले सांग त्याईले," आणि लुगडं बदलायला उठली.

माझी शोभाताई नेरला एका सरकारी कचेरीत कारकून होती, आवक-जावकच्या टेबलावर. भेटायला आलेली माणसं सांगत होती, बाई फार प्रामाणिक, कोणाचं काम अडवलं नाही. ते खरंच आहे. पण मला तिच्या ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो ती त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून इथे लिहितो. माझी ताई घरच्या घरी डीव्हीडी बनवायची, अगदी दुकानातल्यासारखी, लावली की आधी यादीचा पडदा येणारी, रिमोटने हवा तो भाग निवडता येणारी. आणि ती बनवायची एकाच प्रेक्षकासाठी.

अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भारनियमनाचे दिवस होते. आईची आवडती मालिका रात्री आठला लागायची आणि नेमकी त्याच वेळी आमच्या गावची लाइन जायची. नेरचं वेळापत्रक वेगळं होतं, तिथे आठला उजेड असे. ताईने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. त्यात टीव्ही पकडणारं कार्ड बसवून घेतलं आणि सोमवार ते शनिवारचे सहा भाग एका डिस्कवर उतरवून ती रविवारी घेऊन यायला लागली. आई खूष झाली. पण ती साधी डिस्क पहिल्या भागापासूनच सुरू व्हायची. चौथा भाग पाहायचा तर कोणीतरी तिथवर पळवून द्यायला हवा. आईला अक्षरओळख नाही. ती रिमोट हातात धरून म्हणायची, "लाव ना रे जरा." मी म्हणायचो, "थांब आई, पेपर तपासून राह्यलो." मास्तर माणूस, माझे पेपर कधी संपायचेच नाहीत. बायकोला स्वयंपाक. हळूहळू आईने म्हणणंच सोडून दिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरंच वाटलं.

एका रविवारी ताईला मागच्या दोन डिस्क जशाच्या तशा पडलेल्या दिसल्या. "काहून पाह्यल्या नाही, आई?" आई म्हणाली, "राहू दे वं. याईले कामं रायतात." ताईने त्या उचलून डिस्कच्या डब्यात ठेवल्या. जाताना मला ओट्यावर बोलावलं. "सुधाकर, आईनं जन्मात कोनाले काही मांगलं नाही. आता टीव्हीसाठी तुले मांगाव लागते तिले?" मी चिडलो. तिला आकडे शिकव, म्हणजे आपली आपण लावेल, असा मास्तरी सल्ला दिला. ताई चप्पल घालत म्हणाली, "तिले काही शिकाची गरज नाही. डिस्कले शिकवतो मी."

आणि तिने शिकवलं. कचेरीतून आल्यावर जाहिराती कापायच्या, प्रत्येक भागाचं एक चौकोनी चित्र करायचं, ती सहा चित्रं एका पडद्यावर मांडायची, चित्रावर बटण दाबलं की तोच भाग सुरू झाला पाहिजे. पहिल्या वेळी तिने मालिकेतल्या बायकांचे चेहरे लावले. आई म्हणाली, "साऱ्या एकसारख्याच नटल्या, कोनती कोनाची ओळखू?" मग ताईने घराशेतातल्या ओळखीच्या गोष्टींचे फोटो घातले. ते तिच्या कॉम्प्युटरवर झकास दिसले, पण आमच्या जुन्या टीव्हीने कडेची चित्रं अर्धी खाल्ली. ती आत सरकवली. निवडलेल्या चित्राभोवतीची पिवळी चौकट आईला मोतीबिंदूमुळे दिसेना, तर ती लाल आणि बोटभर जाड केली. खालचा बाण दाबत राहिलं तर चौकट शेवटच्या चित्रावर अडकून बसे, ती पुन्हा पहिल्यावर येईल असं केलं. दर रविवारी ताई नवी डिस्क घेऊन यायची, आईच्या मागे बसायची आणि आईचा अंगठा कुठे थबकतो ते वहीत लिहायची. तोंडाने एक अक्षर सांगायची नाही. मी मधे बोललो की मला डोळ्यांनीच दटावायची.

सगळं जमलं असं वाटत असताना एक भलताच घोटाळा झाला. कोणता भाग आधी, कोणता नंतर हे आकड्याविना कळावं म्हणून ताईने आईच्या दिवसाचा क्रम धरला होता. उठल्याउठल्या चहा, मग गोठा, मग भाकर, शेत, दिवा, अंथरूण. पुढच्या रविवारी आई फुरंगटून बसली होती. "हे कसली मालिका वं? ते जाऊ परवा मेली, तेरवी झाली, आन् काल उठून भांडून राह्यली." ताईला काही उमगेना. तिने आईला पुन्हा लावायला सांगितलं. आईने चौकट सरळ चहा ओलांडून गोठ्यावर नेली. "अवं आई, चहा आधी हाय ना?" ताईने विचारलं. आई तिच्याकडे बघतच राहिली. "चहा आधी तुह्या घरी. जनावरं उपाशी ठेवून मी कधी चहा पेली काय?"

ताई आधी हसली, मग तिने वही मिटली. याच घरात एकवीस वर्षं राहून गेलेली लेक, आणि आई सकाळी आधी काय करते हे तिला माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मी तर रोज त्याच घरात उठत होतो. ताईने दोन दिवस रजा टाकली. पहाटेपासून आईच्या मागे कॅमेरा घेऊन हिंडली, आधी काय, मग काय ते टिपलं, आणि तोवरच्या साऱ्या डिस्क नव्याने केल्या. गोठा पहिला, चहा दुसरा. आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी एक डिस्क चालवून पाहिली आणि कोणत्या कंपनीची म्हणून विचारलं. ताई म्हणाली, "नेरच्या आवक-जावक टेबलाची." सरांना ते खरंच वाटलं नाही. मला मात्र त्या दिवशी, मेल्या पेपरांपुढे वाकलेली माझी मान जरा ताठ झाली.

पुढे भारनियमन सरलं, मालिकाही संपली. लोकांनी डीव्हीडी प्लेयर भंगारात दिले. आई मात्र त्याच जुन्या डिस्क पुन्हा पुन्हा लावून पाहायची. ताईने आमचा तीनदा दुरुस्त करून आणला, नंतर कुठून तरी जुना दुसरा मिळवून ठेवला. मी म्हणायचो, "आता मोबाइलवर सारं दिसते, कायले जीव टाकतं?" ती म्हणायची, "मोबाइल कोन लावून देईन, तू?" मी विषय बदलायचो.

तेरवी झाली, पाहुणे गेले. ताई गेली त्या दिवशी टीव्हीवर टाकलेलं फडकं तोवर कोणी काढलं नव्हतं. चौदाव्या दिवशी दुपारी आई काठी टेकत बाहेरच्या खोलीत आली, फडकं काढलं, घडी केली आणि डिस्कच्या डब्याजवळ बसली. मला वाटलं, आता तरी आपण उठावं. मी रिमोट उचलला. "आई, मी लावून देतो... कोनतं लावू?"

आईने हात पुढे केला. "तू कायले? माह्या पोरीनं मले कोनाच्या भरोशावर ठेवलं नाही."

मी रिमोट तिच्या हातात दिला आणि शेजारी बसलो.