उजव्या बाजूचे बोल्ट

माझी गाडी पुढून थोडी उंच आहे. पेट्रोल पंपावर कुणीतरी हमखास विचारतं, कुठून करून घेतली? मी सांगतो, घरीच केली, मी आणि माझ्या थोरल्या भावानं. यात खोटं काहीच नाही. तरी हे सांगताना माझा आवाज खाली जातो, आणि तो का जातो हे मी बायकोलाही अजून नीट सांगितलेलं नाही.

आम्ही मूळचे बीडकडचे. दादा आयटीआय करून आधी इकडे भोसरी-चाकणकडे आला, फिटर म्हणून लागला, मग त्यानं मला आणलं. मी डिप्लोमा करत होतो तेव्हा तो भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. त्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणून. पण माल लवकर निघावा यासाठी तिथं एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवलेलं असायचं. सगळ्यांना माहीत होतं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. एका ओव्हरटाइमला दादाच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं अर्ध्यातून गेली.

त्यानंतर त्याला फिटरचं काम कुणी दिलं नाही. पॅकिंग, लोडिंग, चिखलीतल्या एका शेडमध्ये मालाची मोजदाद, असं काय काय त्यानं केलं. मी मात्र चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि तिथंच वर चढत गेलो. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासायचं, बरोबर असेल तर पास म्हणायचं, हीच माझी नोकरी.

गेल्या वर्षी ती चिखलीतली शेड बंद पडली. दादा घरी बसला. मग एके दिवशी त्याचा फोन आला, आवाजात फार दिवसांनी जोर होता.

"बारक्या, तुझ्या त्या डोंगरात न्यायच्या गाडीला स्प्रिंगा आणून ठेवल्यात म्हणला होतास न्हाई का? बसवल्यास का?"

"नाही अजून. का रे?"

चाकण रोडला अशाच गाड्यांची कामं करणारं एक गॅरेज होतं. गाड्या उंच करणं, मोठी चाकं, पुढचे बंपर. तिथल्या मालकाशी दादाची ओळख निघाली होती. मालक म्हणाला होता, सोमवारी या, माझ्यासमोर एक गाडी करून दाखवा, जमलं तर लगेच कामाला लागा.

"मी म्हणलं, त्याच्या आधी एकदा हात फिरवून बघावा," दादा म्हणाला. "घरच्या गाडीवर. चुकलं तर तू काय मला काढून टाकणार न्हाईस."

मी म्हणालो, रविवारी ये. फोन ठेवल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला काहीतरी देत होतो. स्प्रिंगा बसवायची हौस माझी असली तरी तो रविवार त्याचा होता.

तो सकाळीच मोटरसायकलवर आला, वहिनीला मागं बसवून. घरासमोर काँक्रीटची सपाट जागा आहे, तिथं गाडी लावलेली होती. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला. जॅकनं पुढचा भाग उचलला आणि चॅसीखाली दोन लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मला दादानंच कधीकाळी शिकवलं होतं. त्यानं बंपरला धरून गाडी हलवून पाहिली. हलली नाही.

शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. "काय, गाडीला उंच टाचा घालताय का?"

"लग्नाला न्यायचीय काका," दादा म्हणाला. "नवरदेव बुटका नको दिसायला."

आम्ही बाजू वाटून घेतल्या. उजवी त्याची, डावी माझी. चाक काढायचं, ब्रेकचा पाइप आणि सेन्सरची वायर आधी मोकळी करायची, नाहीतर खालचा भाग सुटला की सगळा भार त्यांच्यावर लटकतो. मग शॉक-ॲब्सॉर्बर स्प्रिंगसकट बाहेर काढायचा. दादा पाना अंगठा आणि मागच्या दोन बोटांत धरत होता, तळव्याच्या रेट्यानं ढकलत होता. दिसायला ते अवघडलेलं दिसायचं. पण काम माझ्यापेक्षा फार मागं नव्हतं.

धोक्याचा भाग स्प्रिंगचा. जुनी स्प्रिंग काढायची तर आधी ती हुकासारखे आकडे असलेल्या दोन लांब स्क्रूंनी दोन्हीकडून सारखी दाबावी लागते. एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी. घाई केली, आकडा घसरला, तर स्प्रिंग उसळून माणसाचा जीव घेऊ शकते. दादा दाबायला बसला आणि मी माझं काम सोडून त्याच्यामागं उभा राहिलो.

"दादा, सावकाश."

"सावकाशच चाललंय."

"तोंड बाजूला ठेव. आणि ती दुसरी बाजू मागं राहिली बघ."

"बारक्या," तो वर न बघता म्हणाला, "तू असा बघायलास, जसं मी तुझं पोरगंच उचललंय."

मी हसलो, पण हललो नाही. तेवढ्यात पाना त्याच्या हातातून निसटून काँक्रीटवर खणकन पडला. मी एकदम पुढं झालो. दादानं मला हातानंच थांबवलं.

"पाना पडलाय. गाडी न्हाई पडली."

त्यानं पाना उचलला आणि काम पुरं केलं. आकडे जागचे हलले नव्हते. नवी, उंच स्प्रिंग बसली. नंतर त्यानं माझ्या बाजूची स्प्रिंगही दाबून दिली, कारण मला ते तितकंसं जमत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

दुपारी बायकोनं आणि वहिनीनं अंगणातच ताटं आणली. वहिनी दादाकडे बघत होती. त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि तो भाकरी मोडत मोठ्यानं बोलत होता, गावाकडचं पाण्याचं इंजिन त्यानं कसं एका सुतळीवर चालू केलं होतं, ते. वहिनी माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "असं बोलताना मी यांना कितीतरी दिवसांनी बघतेय गं."

जेवणानंतर सगळं परत जोडलं, चाकं लावली, गाडी खाली घेतली. चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते आम्ही आपापल्या बाजूला आवळले. दादानं आडवं पडून, दोन्ही पाय काँक्रीटला रोवून आवळले. मग तो हात धुवायला नळाकडे गेला.

आमच्या कंपनीत एक साधा नियम आहे. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं तो तपासायचा नाही, दुसऱ्यानं तपासायचा. टॉर्क रेंच नावाचा पाना असतो, ठरलेल्या ताकदीला तो 'टक' करतो. टक झालं की बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ म्हणजे हा बोल्ट बघितलेला आहे.

मी टॉर्क रेंच काढला आणि उजव्या बाजूला जाऊन बसलो. दादाच्या बाजूला. एकेक बोल्ट तपासू लागलो. टक. रेघ. टक. रेघ. एकही बोल्ट रेंचखाली केसभरसुद्धा फिरला नाही, सगळे जागच्या जागी टक म्हणाले. मी चाकाचे नटही बघितले. दोनदा बघितले.

नळाचा आवाज थांबला होता. वळून पाहिलं तर दादा ओल्या हातांनी उभा होता.

"किती ढिले निघाले?"

"एकही नाही."

"मग बरंय," तो म्हणाला.

मी उठलो, डाव्या बाजूला गेलो आणि मी स्वतः आवळलेल्या बोल्टांवर पिवळ्या रेघा ओढल्या. रेंच न लावता. मग रेंच पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

नियमच पाळायचा होता, तर रेंच दादाच्या हातात द्यायला हवा होता. 'माझी बाजू तू बघ,' एवढंच म्हणायला हवं होतं. ते माझ्या मनातच आलं नाही. आलं नाही असं लिहितो, पण झाकण लावताना क्षणभर हात थांबला होता. मला वाटलं, त्याच्या हातानं काय तपासून व्हायचं? वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं काम तपासत आलो, पण त्या दिवशी कोणाचं काम तपासायचं हे मी काम बघून ठरवत नव्हतो. हात बघून ठरवत होतो.

दादाला चक्कर मारायला चल म्हटलं तर म्हणाला, "नको, उद्या लवकर जायचंय." जाताना त्यानं गाडीच्या बॉनेटवर नुसता तळवा टेकवला आणि वहिनीला घेऊन निघून गेला. मी एकटाच इंद्रायणीच्या बाजूनं गाडी फिरवून आणली. खड्ड्यांवरून ती मजेत गेली.

सोमवारी मी फोन केला. त्यानं उचलला नाही. मला वाटलं, कामात असेल. दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"भावजी, तुमच्याकडं रविवारी काय झालं होतं का?"

"नाही. का हो?"

"गेलेच नाहीत ते गॅरेजला. डबा भरून दिला होता मी. समोरच्या टपरीवर बसून राहिले आणि परत आले. म्हणतात, हातात ताकद राहिली न्हाई. तुमच्याकडं काम नीट झालं नव्हतं का?"

"उत्तम झालं होतं वहिनी. एक बोल्ट ढिला नव्हता."

"मग तेवढं त्यांना सांगा ना."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, दादा, तुझं काम शंभर टक्के होतं, मी स्वतः बघितलंय.

तो मग म्हणाला, "व्हय. तू बघितलंस की."

महिनाभरानं कळलं की दादा मोशीकडच्या एका मोठ्या सोसायटीत गेटवर लागला आहे. मी किती दिवस तिकडं जायचं टाळलं ते सांगत नाही. रोज कंपनीतून येताना वाटायचं, आज वळावं. आणि मी सरळ घरी यायचो.

गेलो तेव्हा दुपार उतरत होती. गेटवर आडवा दांडा, बाजूला पत्र्याची केबिन. दादा आकाशी रंगाचा शर्ट घालून उभा होता, तो त्याला खांद्यावर मोठा होत होता. माझी गाडी बघून तो पुढं आला.

"कोणाकडं जायचंय साहेब?" आणि हसला. खरंच हसला.

"तुझ्याकडं."

"माझ्याकडं आलेल्यांना चहा मिळत न्हाई हितं."

मी काच पूर्ण खाली घेतली. काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवून आणलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी माझी बाजू तपासलीच नव्हती. नुसत्या रेघा मारल्या."

"ठावं हाय मला. नळापाशीच हुतो की."

"मग बोलला का नाहीस? शिवी तरी द्यायचीस."

त्यानं दांड्यावर हात ठेवला. "राग आला असता तर दिली असती. राग न्हाई आला, बारक्या. मी म्हणलं, ह्यो एवढ्या लोकांची कामं तपासतो. ह्याच्या डोळ्याला कळतंय कोण भरवशाचं हाय न् कोण न्हाई. ह्यानं माझीच बाजू बघितली, म्हणजे काहीतरी दिसलं असंल ह्याला. उगं उद्या दुसऱ्याच्या गाडीखाली आपण काय करून ठेवलं, तर?"

"मला काहीच दिसलं नव्हतं, दादा. काहीच नव्हतं तिथं दिसायला."

"आसू दे."

"ते गॅरेज अजून आहे. मी येतो तुझ्याबरोबर, मी मालकाला सांगतो..."

"तू सांगणार," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. पण मीच पुन्हा त्याला पास म्हणायला निघालो होतो, ते माझं मला कळलं.

मागं हॉर्न वाजू लागले. शाळेची एक व्हॅन आणि तिच्यामागं दोन गाड्या. दादानं वाकून मागं पाहिलं, त्यांना हात दाखवला.

"फुडं घे गाडी. लाइन लागलीय."

त्यानं दांडा वर केला. मी गाडी आत घेतली. आत मला कोणाकडंच जायचं नव्हतं. इमारतींना वळसा घालून दुसऱ्या गेटनं बाहेर पडावं म्हटलं, तर दुसरं गेट नव्हतं. परत त्याच्याच समोरून यावं लागलं. तो एका सामान पोहोचवायला आलेल्या माणसाशी बोलत होता, त्याला कुठली इमारत ते हातानं दाखवत होता. माझी गाडी आली तसा त्यानं बोलता बोलता, वळूनही न बघता, दांडा वर केला.