लग्नाच्या मोटारीला टाकीचा रंग

लढाई संपली, नगरच्या छावणीतले गोरे साहेब सामानसुमान विकून मायदेशी निघाले, आणि त्या धांदलीत मी एक मोटार घेतली. उघडी, कापडी टपाची, माझ्या मुंजीच्या सुमाराची. इंजिन ठणठणीत होतं. रंगाबद्दल मात्र बोलायची सोय नव्हती. मूळचा तांबडा, त्यावर लढाईत कुणीतरी फासलेला खाकी, आणि दोन्हींच्या पोपड्यांखालून डोकावणारा गंज. गल्लीतली एक म्हातारी मोटारीला गजकर्ण झालंय म्हणायची.

मोटार लग्नांना भाड्याने द्यायची, असा माझा बेत. त्यापायी कचेरीतली कारकुनी सोडली. पुरती सोडायचा धीर नव्हताच. वैशाख संपेपर्यंत बिनपगारी रजा काढली. बायको भांडली नाही. तिने मुलीला कडेवर घेतलं, ट्रंक बाहेर काढली आणि नेवाशाला माहेरी जाताना एवढंच म्हणाली, "मोटार चालली तर मोटारीतून न्यायला या. नाही चालली तर आधी कचेरीत जाऊन बसा, मग या."

पहिलं गिऱ्हाईक मोठं मिळालं. एका बागाईतदाराच्या मुलाचं लग्न, मुलीचं गाव कोल्हार. नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवत न्यायचं. त्या लग्नाला प्रवरेकाठचे सगळे ऊसवाले येणार. एकदा त्यांनी गाडी पाहिली की सगळी लग्नसराई माझी. अट एकच, गाडी चकचकीत हवी.

दाळमंडईच्या पलीकडे रंगाचं एक दुकान होतं. खरा मोटारीचा रंग मुंबईहून मागवावा लागे, तो फवाऱ्याने मारायचा, आणि त्याचा भाव ऐकून मी दुकानातल्या बाकावर बसलो. दुकानदाराने दाराखिडक्यांचा तेलरंग दाखवला. टंचाईमुळे त्यात हिरवा तेवढा उरला होता, तोही शेवाळी. मी उठायला लागलो तेव्हा त्याने कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट केलं. लष्कराच्या लिलावातला माल, पाण्याच्या टाक्या आणि पत्रे रंगवायचा. काळाभोर, आरशासारखा, आणि जवळजवळ फुकट. मी काही अगदीच खुळा नव्हतो. पावसात टिकेल का विचारलं, गंज थांबेल का विचारलं. दोन्हीला तो हो म्हणाला. उन्हाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "एवढी चांगली मोटार उन्हात कशाला उभी करता?"

मला ते पटलं.

परसात कुंचल्याने मी स्वतः रंग लावला. एक हात झाला तरी रंग उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून दुसरा हात दिला. तरीही उरला, तेव्हा बैठकीचं चामडं फाटलं होतं, त्यालाही फासला. सकाळी हात लावला तर काचेसारखा टणक. दुपारी लावला तर बोट आत. पुन्हा सकाळी टणक, पुन्हा दुपारी तेच. आज न उद्या वाळेल म्हणत राहिलो. शेवटी घाबरून रॉकेलच्या बोळ्याने पुसायला गेलो, तर रंग माझ्या कोपरापर्यंत आला आणि दारावर म्हशीने अंग घासल्यासारखा पट्टा उमटला. तिथे तिसरा हात दिला. लग्नाच्या आदल्या रात्री मी देवाजवळ काय मागितलं असेल? वैशाखात ढग मागितले.

पहाटेच्या गारव्यात निघालो. कोल्हारला पोचलो तेव्हा गाडी अशी लखलखत होती की वरबाप तिच्यात बघून फेटा सारखा करायला लागला. मी चिंचेखाली सावली धरून उभा राहिलो. सूर्य सरकला की गाडीही सरकवायची, असं दुपारभर चाललं होतं.

मग नवरदेवाची आत्या आरतीचं ताट घेऊन गाडी ओवाळायला आली आणि चार पावलांवर थबकली.

"ही काळी हाय."

आमच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या लोकांची लग्नं लावलेली. शुभकार्यात काळं चालत नाही हे मला मुंज व्हायच्या आधीपासून ठाऊक. आणि स्वस्त रंगाच्या नादात मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"आत्याबाई, काळी नाही. गडद जांभळी आहे."

"माजे डोळे गेल्यात, पर एवढे न्हाई," ती म्हणाली. "भटाच्या पोरा, तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय रं?"

वरबाप माझ्याकडे बघेना. कुणीतरी घोडा आणायला पळालंसुद्धा. मी हात जोडले, काय काय बोललो ते आता आठवत नाही. त्या म्हातारीलाच दया आली असावी. तिने मिरवणुकीसाठी आणलेलं गुलालाचं पोतं उघडवलं आणि पसाभर गुलाल इंजिनाच्या झाकणावर थापला. तो चिकटला. पाची बोटांसकट चिकटला. मग बायकांनी पोतं रिकामं केलं. बघता बघता गाडी लालभडक झाली. लोक म्हणाले, काय पण रंग धरलाय.

ती अर्धी घटका मी राजा होतो.

चारच्या उन्हात मिरवणूक निघाली. सगळ्यांना दिसावा म्हणून नवरदेव बैठकीच्या पाठीवर उंच बसला होता. वाजंत्री पावलापावलाला थांबायची आणि मी मनात तिला शिव्या मोजायचो, कारण पायाखालचा पत्रा तापत चाललेला कळत होता. मांडवापाशी सुवासिनी पाय धुवायला पुढे आल्या. नवरदेव उठायला गेला आणि उठलाच नाही. पुन्हा गेला. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "मामा, धोतर सुटंना."

आत भटजी मुहूर्त गाठायची घाई करत होते. रॉकेल मागावं तर मांडवभर वास. दोघांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा नवरदेव आला, धोतराचा मागचा भाग मात्र गाडीतच राहिला. गोरज टळत होती. मी टप वर ओढला, माझं धोतर सोडलं आणि त्याला नेसवलं. बायकोने जाण्यापूर्वी नीळ घालून ठेवलेलं एकच होतं ते. नवरदेव मांडवात गेला. मी पंच्याची लंगोटी करून, टपाखाली, त्याच बैठकीवर बसलो. मंगलाष्टकं चालू होती. उठायचा प्रश्न नव्हता, तोवर मीही चिकटलो होतो.

पंगती उठल्यावर आत्या पत्रावळ घेऊन आली, सोबत रॉकेलची बाटली आणि हळदकुंकू लावलेलं कोरं धोतर. आहेर घेतल्याशिवाय कुनी जायचं न्हाई, म्हणाली. लग्नसराईचं मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. सगळा ऊसवाला गोतावळा पोटं धरून हसत गाड्या जुंपत होता. मोटार वरबापाने फजितीच्या भरपाईत ठेवून घेतली. पुढे तिच्यात कोंबड्या बसायच्या असं ऐकलं.

मी कचेरीत जाऊन बसलो. मग एका रविवारी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने नेवाशाला गेलो, अंगावर ते नवं धोतर. बायको दारात आली. कोपऱ्यावरचं हळदकुंकू तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला मागच्या मागे पळून जावंसं वाटलं.

"चालली वाटतं मोटार?"

"चालली," मी म्हणालो. "मारुतीपासून मांडवापर्यंत."

तिने माझे हात उलटे करून नखं बघितली, काळी होती. मग आत जाऊन ट्रंक भरायला घेतली, आणि तिथूनच विचारलं, "कचेरीत कधीपासून जाताय?"